मोडेम

मोडेम : संगणकातील अंकीय संदेश दूरध्वनीच्या तारेसारख्या मार्गावरून नेता यावेत म्हणून त्यांचे योग्य अशा विद्युत् तरंगांत रूपांतर करणारे आणि दुसऱ्या टोकास पोहोचलेल्या तरंगांपासून मूळ अंकीय संदेश परत मिळविणारे इलेक्ट्रॉनीय साधन. पहिल्या क्रियेस विरूपण व दुसरीस प्रतिविरूपण म्हणतात. या क्रिया करणाऱ्या भागांच्या ‘मॉड्युलेटर’ व ‘डीमॉड्युलेटर’ या इंग्रजी नावांतील आरंभीची अक्षरे एकत्र करून ‘मोडेम’ हा शब्द बनविण्यात आला आहे. संदेश दोन्ही दिशांनी जावयाचे असल्याने प्रत्येक टोकास एक मोडेम लागते व ते पाठविण्याचे आणि घेण्याचे अशी दोन्ही कामे करते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांची जाळी उभी राहिली ती मुख्यतः आधीच अस्तित्वात असलेल्या दूरध्वनी यंत्रणेच्या आधारे. घरोघरी पोहोचलेली जुनी तार नव्या कामास लावणे मोडेममुळे शक्य झाले. मात्र ही तार मानवी बोलण्यासाठी योजलेली होती आणि बहुतेक देशांत ती एखाद्या कंपनीच्या किंवा शासकीय खात्याच्या मालकीची होती. त्यामुळे मोडेमच्या इतिहासात दोन प्रश्न सतत बरोबरीने पुढे येतात : या तारेतून दर सेकंदास किती माहिती नेता येईल आणि तारेच्या टोकाला स्वतःचे साधन जोडण्याचा अधिकार कोणाला असावा.

कार्यतत्त्व : संगणकातील सर्व माहिती द्विमान पद्धतीने, म्हणजे ० व १ या दोनच अंकांत, साठविलेली असते. अशा एका अंकास बिट म्हणतात. यंत्राच्या आत हे अंक विद्युत् दाबाच्या दोन पातळ्यांनी दर्शविलेले असतात. याच पातळ्या जशाच्या तशा दूरध्वनीच्या तारेवर सोडल्या, तर त्या फार दूर जाऊ शकत नाहीत. बोलणे समजण्यास ३०० ते ३,४०० हर्ट्झ या दरम्यानच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्या) पुरेशा असल्याने दूरध्वनी यंत्रणा तेवढ्याच पट्ट्यासाठी बनविलेली असते. लागोपाठ अनेक वेळा तोच अंक आला म्हणजे तारेत एकसारखा स्थिर दाब राहतो आणि तो मार्गातील रोहित्रांतून पलीकडे जाऊ शकत नाही. उलट ० वरून १ वर होणाऱ्या आकस्मिक बदलात उच्च कंप्रतेचे घटक असतात व तेही गाळले जातात. परिणामी पलीकडे पोहोचतो तो मूळ संदेशाचा पसरट व विकृत अवशेष.

यावर उपाय म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्यातील एक वाहक तरंग निवडून त्याच्या एखाद्या गुणधर्मात संदेशानुसार बदल करणे. तरंगाचे असे तीन गुणधर्म आहेत : कंप्रता, परमप्रसर (कंपनाचा जास्तीत जास्त विस्तार) आणि कला (आवर्तनातील त्या त्या क्षणीची स्थिती). कंप्रता बदलण्याची पद्धत सर्वांत सोपी होय. बेल १०३ या प्रसिद्ध अमेरिकन मोडेममध्ये दूरध्वनी लावणाऱ्या बाजूकडून १ या अंकासाठी १,२७० हर्ट्झचा व ० साठी १,०७० हर्ट्झचा स्वर पाठविला जाई. उत्तर देणाऱ्या बाजूस हेच स्वर अनुक्रमे २,२२५ व २,०२५ हर्ट्झचे असत. दोन्ही बाजूंचे स्वर निरनिराळ्या पट्ट्यांत असल्याने एकाच तारेवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी संदेश जाऊ शकत. यूरोपात वापरल्या जाणाऱ्या व्ही-२१ या मानकात स्वरांच्या कंप्रता वेगळ्या होत्या. त्यामुळे तत्त्व एकच असूनही या दोन प्रकारच्या मोडेमांना परस्परांची भाषा कळत नसे.

तरंगात दर सेकंदास किती बदल केले जातात ते बॉड या एककाने मोजतात. हे नाव झां मॉरिस एमील बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच तारायंत्र अभियंत्यावरून पडले आहे. बॉड व दर सेकंदास जाणारे बिट या दोन राशी एक नव्हेत. एका बदलात एकच अंक दर्शविला, तर त्या समान असतात. पण एका बदलातून चार अंक दर्शविता आले, तर माहितीचा वेग बॉडच्या चौपट होतो. मोडेमचा वेग वाढविण्याचा सारा पुढील प्रयत्न या भेदावर आधारलेला आहे.

पूर्वेतिहास : एकाच तारेवर निरनिराळ्या कंप्रतांचे स्वर सोडून अनेक तारसंदेश एकदम पाठविण्याची पद्धत दोन महायुद्धांच्या दरम्यान रूढ झाली होती आणि वृत्तसंस्थांचे दूरमुद्रक अशा मार्गांवर चालत. दूर अंतरावरून गणकयंत्र चालविण्याचा प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजी जॉर्ज स्टिबिट्झ यांनी केला. न्यू हॅम्पशरमधील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत बसून दूरमुद्रकाच्या साहाय्याने त्यांनी न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेतील यंत्रास उदाहरणे घातली व त्यांची उत्तरे मिळविली. या प्रयोगात तारायंत्राचा मार्ग वापरलेला असल्याने मोडेमची गरज पडली नाही. परंतु यंत्र एका ठिकाणी व त्याचा उपयोग करणारा दुसऱ्या ठिकाणी ही कल्पना त्यातून प्रत्यक्षात आली.

मोडेमची खरी निकड लष्करी कारणाने निर्माण झाली. सोव्हिएट रशियाने १९४९ मध्ये अणुबाँबची चाचणी घेतल्यानंतर अमेरिकेने हवाई संरक्षणासाठी रडार केंद्रांचे विस्तृत जाळे उभारण्याचे ठरविले. रडारने टिपलेली विमानांची स्थाने दूरच्या संगणकापर्यंत क्षणाक्षणाला पोहोचविण्यासाठी नव्या तारा घालणे अव्यवहार्य होते. म्हणून १९५० च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील केंब्रिज येथील हवाई दलाच्या संशोधन केंद्रात रडारची माहिती अंकीय रूपात साध्या दूरध्वनी तारांवरून पाठविण्याचे तंत्र विकसित करण्यात आले. ‘सेज’ या नावाने ओळखली जाणारी संरक्षण यंत्रणा १९५८ पासून कार्यान्वित होऊ लागली, तेव्हा तिच्यातील रडार केंद्रे, विमानतळ व संगणक हे भाड्याने घेतलेल्या दूरध्वनी तारांनी व मोडेमांनी जोडलेले होते. मोडेमांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन प्रथम याच कामासाठी झाले.

या अनुभवावरून अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने प्रथम दर सेकंदास ११० बिट वेगाचे बेल १०१ व नंतर १९६२ मध्ये ३०० बिट वेगाचे बेल १०३ हे मोडेम व्यापारी उपयोगासाठी उपलब्ध केले. हा वेग आज नगण्य वाटतो. एका अक्षरासाठी आरंभीचा व शेवटचा संकेत धरून १० बिट लागतात, असे मानले तर ३०० बिट वेगाने सेकंदास ३० अक्षरे जातात आणि २,००० अक्षरांच्या एका पृष्ठास एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. तथापि दूरमुद्रकावर टंकलेखन करणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने हा वेग पुरेसा होता.

बधिरांचा दूरध्वनी व ध्वनियोजक : दूरध्वनीचा शोध लागल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे बधिर व्यक्तींना त्याचा काहीच उपयोग नव्हता. उलट, व्यवहार दूरध्वनीवर अवलंबून राहू लागला तसतशी त्यांची अडचण वाढतच गेली. वैद्यास बोलावणे किंवा नोकरीबद्दल चौकशी करणे यांसाठीही त्यांना ऐकू येणाऱ्या शेजाऱ्यांवर विसंबावे लागे. ही कोंडी फोडण्याचे श्रेय रॉबर्ट वाइटब्रेख्ट, जेम्स मार्स्टर्स व अँड्रू सॅक्स या तिघांकडे जाते. हे तिघेही बधिर होते. वाइटब्रेख्ट हे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत काम करणारे भौतिकीविज्ञ व हौशी रेडिओचालक, तर मार्स्टर्स हे पॅसाडीना येथील दंतवैद्य होते. वाइटब्रेख्ट यांना रेडिओवर दूरमुद्रक चालविण्याची माहिती होती. तोच दूरमुद्रक दूरध्वनीवर चालविता येईल काय, असा प्रश्न मार्स्टर्स यांनी त्यांच्यापुढे ठेवला.

यात तांत्रिक अडचणीपेक्षा नियमाची अडचण मोठी होती. दूरध्वनी कंपनीने न पुरविलेले कोणतेही साधन तिच्या तारेस जोडण्यास मनाई होती. म्हणून वाइटब्रेख्ट यांनी तारेस स्पर्श न करणारे मोडेम बनविले. दूरध्वनीचा बोलण्या-ऐकण्याचा दांडा दोन खोलगट पेल्यांत ठेवावयाचा; एका पेल्यातील ध्वनिक्षेपक बोलण्याच्या टोकाशी स्वर काढी व दुसऱ्यातील सूक्ष्मश्रवणी ऐकण्याच्या टोकातून येणारे स्वर टिपी. कंपनीच्या दृष्टीने तारेवर केवळ आवाज जात होता. या साधनास ध्वनियोजक असे नाव देता येईल. त्यात १,४०० व १,८०० हर्ट्झचे दोन स्वर वापरलेले होते आणि वेग सुमारे ४५ बॉड होता. दोन्ही बाजूंस तेच स्वर असल्याने एकाने लिहिणे संपविल्याची खूण केल्यावर दुसऱ्याने आरंभ करावयाचा, असा संकेत पाळावा लागे. १९६४ मध्ये या साधनाच्या साहाय्याने दोन बधिर व्यक्तींमधील लांब अंतरावरील संभाषण यशस्वी झाले.

दूरमुद्रक महाग असल्याने तार कंपन्यांनी मोडीत काढलेली जुनी यंत्रे दुरुस्त करून घरोघरी बसविण्याचे काम बधिरांच्या संघटनांनी हाती घेतले. अशा यंत्रांचे वाटप करणारी संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली. पुढे ऐकू येणाऱ्या व बधिर व्यक्तींमध्ये मध्यस्थामार्फत संभाषण घडविणाऱ्या सेवा निघाल्या आणि अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्याने त्या देणे दूरध्वनी कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले. ध्वनियोजकाचा उपयोग याच सुमारास संगणकाच्या क्षेत्रातही होऊ लागला. कोणत्याही दूरध्वनीचा दांडा पेल्यांत ठेवून दूरच्या संगणकाशी संपर्क साधता येऊ लागल्याने वार्ताहर व फिरते अभियंते यांस तो सोयीचा झाला. मात्र खोलीतील गलबला, दार आपटल्याचा आवाज यांमुळे संदेशात चुका होत आणि ३०० बिटच्या फार वर वेग नेणे कठीण जाई.

जोडणीच्या अधिकाराचा वाद : परक्या साधनास मनाई करणाऱ्या नियमाचे समर्थन कंपनी दोन कारणांनी करी : सदोष साधनामुळे यंत्रणेस व कामगारांस इजा पोहोचेल आणि तारेच्या गुणवत्तेची जबाबदारी विभागली जाईल. ही कारणे सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु नियमाचे टोक किती दूरवर जाई, हे ‘हश-अ-फोन’ प्रकरणावरून दिसून येते. हश-अ-फोन हे बोलण्याच्या टोकावर बसविण्याचे एक साधे आच्छादन होते. जवळपासच्या लोकांस बोलणे ऐकू जाऊ नये एवढाच त्याचा हेतू असून त्यात कोणताही विद्युत् भाग नव्हता. तरीही कंपनीने त्यास हरकत घेतली व संदेशवहन आयोगाने ती मान्य केली. १९५६ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. ज्या उपयोगाने ग्राहकास लाभ होतो व सार्वजनिक यंत्रणेस अपाय होत नाही, तो उपयोग करण्याचा ग्राहकास हक्क आहे, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

याच तत्त्वावर पुढे टॉमस कार्टर या टेक्ससमधील उद्योजकाने दावा लढविला. तेलविहिरींसारख्या दूरच्या जागी काम करणाऱ्यांच्या रेडिओ संचाशी दूरध्वनीवरील व्यक्तीस बोलता यावे म्हणून त्याने ‘कार्टरफोन’ हे साधन बनविले होते. त्यातही दूरध्वनीचा दांडा एका पाळण्यात ठेवावयाचा असून तारेशी थेट विद्युत् जोडणी नव्हती. १९५९ पासून त्याने अशी सुमारे साडेतीन हजार साधने विकली; पण ती वापरणाऱ्यांचा दूरध्वनी तोडण्याची ताकीद कंपनी देत असल्याने त्याचा व्यवसाय धोक्यात आला. त्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात धाव घेतली व प्रकरण आयोगाकडे सोपविण्यात आले. जून १९६८ मध्ये आयोगाने कंपनीचा सरसकट मनाईचा नियम अवास्तव व भेदभाव करणारा ठरवून रद्द केला.

निर्णयानंतर कंपनीने परकी साधने जोडू दिली, परंतु तार व साधन यांच्यामध्ये तिच्याकडून भाड्याने घेतलेले एक संरक्षक मंडल असले पाहिजे अशी अट घातली. त्यामुळे स्वतंत्र निर्मात्यांची मोडेम महाग पडत. १९७५ मध्ये आयोगाने नोंदणीची पद्धत सुरू केली. ठराविक कसोट्यांना उतरलेले व नोंदविलेले साधन प्रमाणित खटक्यात बसवून थेट तारेस जोडता येऊ लागले. न्यायालयीन विरोध मिटून ही पद्धत १९७७ नंतर स्थिरावली आणि अमेरिकेत मोडेमचा खुला बाजार निर्माण झाला. कार्टर याचे साधन संगणकासाठी नव्हते. पण त्याच्या दाव्याचा सर्वाधिक लाभ संगणकाच्या संदेशवहनास झाला.

वेगाची वाटचाल : कंप्रता बदलण्याच्या पद्धतीने दूरध्वनीच्या अरुंद पट्ट्यात १,२०० बिटच्या पुढे जाणे अवघड होते. म्हणून तरंगाची कला बदलण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. कलेच्या चार भिन्न स्थिती वापरल्या म्हणजे प्रत्येक बदलातून दोन बिट जातात. त्यानंतर कला व परमप्रसर हे दोन्ही एकाच वेळी बदलण्याची पद्धत आली. तरंगाच्या अशा १६ निरनिराळ्या अवस्था ठरविल्या, तर एका बदलातून चार बिट जातात व २,४०० बॉडवर ९,६०० बिटचा वेग मिळतो. कोडेक्स या अमेरिकन कंपनीने १९६८ मध्येच ९,६०० बिटचे मोडेम बाजारात आणले होते. नंतर तिच्यासाठी रॉबर्ट गॅलॅगर व डेव्हिड फॉर्नी यांनी केलेल्या कामातून ही संयुक्त पद्धत प्रगत झाली आणि १९७६ मधील व्ही-२९ या आंतरराष्ट्रीय मानकात तिचा समावेश झाला. ही मोडेम मात्र भाड्याने घेतलेल्या खास तारांवर चालत व त्यांची किंमत फार असे. अनुचित्र प्रेषणात, म्हणजे फॅक्समध्ये, व्ही-२९ मानकाचा पुढे विस्तृत उपयोग झाला.

अवस्थांची संख्या वाढते तशा त्या परस्परांच्या निकट येतात व थोड्याशा विकृतीनेही एकीच्या जागी दुसरी वाचली जाते. तारेच्या लांबीनुसार व जोडणीनुसार ही विकृती प्रत्येक वेळी निराळी असते. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये स्वयंचलित समकारक तयार केला. तारेने केलेली विकृती मोजून तिच्या नेमकी उलट क्रिया करणे हे त्याचे कार्य होय. मोडेम जोडले जाताना ऐकू येणाऱ्या कर्कश आवाजाचा बराचसा भाग या मोजणीचा असे. आरंभीचा २,१०० हर्ट्झचा दीर्घ स्वर मार्गातील प्रतिध्वनिरोधक साधने बंद करण्यासाठी, तर नंतरचे स्वर व खरखर ही दोन्ही मोडेमांनी समान वेग ठरविण्यासाठी व तार पारखण्यासाठी असत.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची होती. घरापर्यंत दोनच तारा येत असल्याने पाठविलेल्या संदेशाचा काही अंश मार्गातून परत येतो व दुरून आलेल्या क्षीण संदेशात मिसळतो. दोन्ही दिशांस वेगळे पट्टे दिले तर ही अडचण टळते, पण वेग निम्मा होतो. स्वतः पाठविलेल्या संदेशाचा प्रतिध्वनी कसा येईल याचे गणित करून तो वजा करण्याची पद्धत व्ही-३२ (१९८४) या मानकात स्वीकारण्यात आली. त्यामुळे साध्या दूरध्वनीवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी ९,६०० बिटचा वेग साध्य झाला. याच मानकात झुरिक येथील आयबीएम प्रयोगशाळेतील गॉटफ्रीट उंगरबोक यांच्या संकेतन पद्धतीस स्थान मिळाले. तीत चार बिटांबरोबर एक जादा बिट पाठवून अवस्थांचे काही ठराविक क्रमच ग्राह्य मानलेले असतात. न संभवणारा क्रम आढळल्यास घेणारे मोडेम त्यास सर्वांत निकटचा संभाव्य क्रम शोधते. एका अर्थी अशुद्ध लिहिलेला शब्द वाक्यावरून ओळखण्यासारखीच ही क्रिया आहे.

वेगास अंतिम मर्यादा किती, याचे उत्तर क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच दिले होते. पट्ट्याची रुंदी आणि संदेश व गोंगाट यांच्या शक्तींचे गुणोत्तर ही दोन माहीत असल्यास त्या मार्गाची कमाल क्षमता त्यांच्या सूत्राने काढता येते. पट्टा ३,१०० हर्ट्झचा व संदेश गोंगाटाच्या हजारपट शक्तिमान मानला, तर ही क्षमता सेकंदास सुमारे ३१,००० बिट येते. गुणोत्तर सुमारे तीन हजार असल्यास ती ३६,००० पर्यंत जाते. व्ही-३४ मानकाने १९९४ मध्ये २८,८०० व १९९६ मध्ये ३३,६०० बिटचा वेग गाठला, तेव्हा या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचल्यासारखे झाले.

त्यानंतर अल्पावधीतच ५६,००० बिटचे मोडेम आले, यात वरवर विरोधाभास दिसतो. वस्तुतः शॅनन यांचे सूत्र चुकले नव्हते; मार्ग बदलला होता. १९९० नंतर बहुतेक दूरध्वनी केंद्रांमधील वहन अंकीय झाले होते. केंद्रात आवाजाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहिला जाई, म्हणजे एका संभाषणास ६४,००० बिट लागत. नमुन्याचे मूल्य ठराविक पातळीवर आणताना होणारी तफावत हाच गोंगाटाचा मोठा अंश होता. माहिती पुरविणारी संस्था केंद्राशी थेट अंकीय मार्गाने जोडलेली असेल तर तिच्या बाजूने ही तफावत उद्‌भवतच नाही, ही गोष्ट ब्रेंट टाउनशेंड यांनी हेरली. १९९७ मध्ये या तत्त्वावरील दोन परस्परविसंगत प्रकार बाजारात आले व १९९८ मध्ये व्ही-९० या मानकाने त्यांची एकवाक्यता झाली. ग्राहकाकडून जाणाऱ्या संदेशास मात्र जुनीच मर्यादा लागू असल्याने त्या दिशेचा वेग ३३,६०० बिटच राहिला.

व्यक्तिगत संगणक व मोडेम : घरगुती संगणकांचा प्रसार होऊ लागला, तेव्हा क्रमांक हाताने फिरवून मग मोडेम जोडणे ही नित्याची कटकट होती. अटलांटा येथील डेनिस हेझ व डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ मध्ये काढलेल्या ‘स्मार्टमोडेम’ने ती दूर केली. ज्या तारेवरून संगणक माहिती पाठवी तिच्यावरूनच ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा देऊन क्रमांक लावणे, उत्तर देणे व दूरध्वनी बंद करणे ही कामे करता येत. माहिती कोणती व आज्ञा कोणती हे ओळखण्यासाठी एक सेकंदाची स्तब्धता, अधिकाची तीन चिन्हे व पुन्हा स्तब्धता असा संकेत ठरविलेला होता. इतर निर्मात्यांनी याच आज्ञा स्वीकारल्याने तो एक अघोषित मानक बनला. हेझ यांची कंपनी १९९९ च्या आरंभी मोडीत निघाली. पण त्या आज्ञांचा विस्तारित संच आजही भ्रमणध्वनीच्या विद्युत् मंडलांत वापरला जातो.

शिकागो येथील वॉर्ड क्रिस्टन्सन व रँडी सूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ रोजी संगणकीय सूचनाफलक सुरू केला. कोणीही दूरध्वनी लावून त्यावरील मजकूर वाचावा व आपला मजकूर ठेवावा अशी ही व्यवस्था होती. एका तारेवर एका वेळी एकच व्यक्ती येऊ शके, तरीही असे हजारो फलक पुढे निघाले. मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवून प्रत्येक तुकड्याची बेरीज ताडून पाहण्याची क्रिस्टन्सन यांची १९७७ मधील रीत त्यांवर सर्वत्र रूढ झाली. फ्रान्समध्ये याच्या उलट मार्ग अवलंबिण्यात आला. तेथील दूरध्वनी खात्यानेच ग्राहकांस ‘मिनिटेल’ हे मोडेमयुक्त यंत्र विनामूल्य दिले. क्रमांकसूची, रेल्वेची तिकिटे, वर्तमानपत्रे इ. सेवा त्यावर मिळत. माहिती ग्राहकाकडे १,२०० बिटने येई व त्याच्याकडून ७५ बिटने जाई. कारण ग्राहक वाचतो अधिक व लिहितो थोडे, असे गृहीत धरलेले होते. १९८२ मध्ये व्यापक प्रमाणावर सुरू झालेली ही सेवा ३० जून २०१२ रोजी बंद झाली.

भारत : भारतात १८८५ च्या तार कायद्यानुसार तार व दूरध्वनी यंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाकडे होता. दूरध्वनीची जोडणी मिळण्यासाठीच कित्येक वर्षे थांबावे लागत असल्याने मोडेमचा वापर दीर्घकाळ संस्थांपुरता मर्यादित राहिला. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे सुरू केले. मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स व पाच भारतीय तंत्रविज्ञान संस्था या त्यातील आरंभीच्या सहभागी संस्था होत. मुंबईतच जुहू येथील हे केंद्र व पवई येथील तंत्रविज्ञान संस्था यांच्या दरम्यान दूरध्वनीवरून संगणकीय टपालाची देवघेव सुरू झाली. दिल्ली व मुंबई यांना जोडणारा ९,६०० बिटचा भाड्याचा मार्ग १९९१ मध्ये कार्यान्वित झाला. १९९२ पर्यंत या सर्व संस्था अशा मार्गांनी जोडल्या गेल्या आणि त्याच वर्षी मुंबईहून अमेरिकेस ६४,००० बिटचा दुवा मिळाला. देशातील अग्रगण्य संशोधन संस्थांचे परदेशाशी होणारे संगणकीय दळणवळण एका संभाषणाएवढ्या क्षमतेच्या या मार्गावरून होत असे.

सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभीचा वेग ९,६०० बिटचा होता. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वस्त प्रकारात केवळ मजकूर दिसे, चित्रे दिसत नसत. निगमाच्या मोडेमांची संख्या ग्राहकांच्या मानाने अपुरी असल्याने क्रमांक पुनःपुन्हा लावावा लागे. जुन्या यांत्रिक केंद्रांवरील खटखट व पावसाळ्यात भिजणाऱ्या भूमिगत तारा यांमुळे जोडणी मध्येच तुटणे हा नेहमीचा अनुभव होता. १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली आणि मक्तेदारी संपुष्टात आली. शासनाच्या २००४ च्या धोरणानंतर भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी २००५ च्या आरंभी त्याच तांब्याच्या तारांवर दर सेकंदास किमान २,५६,००० बिट वेगाची सेवा सुरू केली. जुन्या तार कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

उत्तरकाल : तांब्याच्या तारेची स्वतःची क्षमता ३,४०० हर्ट्झवर संपत नाही; ती मर्यादा दूरध्वनी केंद्रातील साधनांची असते. केंद्रातच वेगळे मोडेम बसविल्यास आवाजाच्या पट्ट्याच्या वर सुमारे ११ लक्ष हर्ट्झपर्यंतचा भाग माहितीसाठी वापरता येतो. असममित अंकीय ग्राहक मार्ग या पद्धतीत हा भाग सुमारे ४,३०० हर्ट्झच्या अनेक उपमार्गांत विभागलेला असतो व ज्या उपमार्गात गोंगाट अधिक त्यावर कमी बिट सोडले जातात. म्हणजे प्रत्येक उपमार्गावर जणू एक जुने मोडेमच काम करीत असते. दूरचित्रवाणीच्या केबलवरील, भ्रमणध्वनीतील व लांब पल्ल्याच्या प्रकाशीय तंतूंवरील संदेशवहनातही कला व परमप्रसर यांत एकत्रित बदल करणे, मार्गाची विकृती मोजून ती नाहीशी करणे व जादा बिटांनी चुका सुधारणे ही तीन तत्त्वे वापरली जातात. दूरध्वनीच्या अरुंद व सदोष तारेशी झगडताना ती परिपक्व झाली.

क्रमांक लावून चालणारे मोडेम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बहुतेक ठिकाणी मागे पडले. अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली अशी सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. या साधनाच्या निमित्ताने न्यायालयात व आयोगापुढे सिद्ध झालेला ग्राहकाचा हक्क मात्र टिकून आहे. सार्वजनिक यंत्रणेस अपाय न करणारे कोणतेही साधन तिच्या टोकास जोडता यावे, हे तत्त्व इंटरनेटच्या रचनेत गृहीतच धरलेले आहे. आणि त्याचा पहिला लाभ ज्यांना तारेवरील आवाज कधीच ऐकू येणार नव्हता, अशा माणसांनी घेतला होता.